विश्लेषण : विज्ञानाच्या तासाला पुराची बातमी वाचली तर?

पावसाळ्यात नाशिककरांच्या मोबाइलवर एक ठरलेली बातमी येते. गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग, होळकर पुलाखालून इतके क्युसेक, आणि मग सगळे ज्या ओळीची वाट पाहतात ती ओळ : दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला किंवा छातीला पाणी लागले. यातला मारुती आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतो. क्युसेक हा शब्द मात्र बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. त्यात सातवी-आठवीतला मुलगाही असतो. आकारमान, वेग, मापनाची एकके हे सगळे धडे त्याचे 'पूर्ण' झालेले असतात आणि त्यावर चांगले गुणही मिळालेले असतात.

हा दोष त्या मुलाचा नाही. शाळेत विज्ञान एका तासाला असते, वाचन-लेखन दुसऱ्या तासाला असते आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. ती घालून देणारे उपक्रम जगात बऱ्याच ठिकाणी होतात, आपल्याकडेही काही शिक्षक स्वतःच्या हौसेने करतात. ते हौसेपुरते राहू नयेत, असे आमचे म्हणणे आहे. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीच्या नव्या पुस्तकांनी अभ्यासक्रमबदलाला सुरुवात झाली आहे, त्यामुळे हा विषय आताच काढायला हवा.

मुळात अडते कुठे?

भाषेच्या तासाला मूल गोष्ट वाचते, कविता वाचते, निबंध लिहिते. पुस्तकात माहितीपर पाठही असतात, पण त्याखालचे प्रश्न बहुधा समानार्थी शब्द, वाक्यात उपयोग आणि 'लेखकाला काय वाटते' या वळणाचे असतात. विज्ञानाच्या तासाला व्याख्या, आकृती आणि फरक स्पष्ट करा. वहीत जे उतरते ते फळ्यावरून किंवा गाइडमधून आलेले असते, त्यामुळे वर्गातल्या ५० वह्यांत एकच उत्तर सापडते. त्याच चुकांसकट.

मधल्या मध्ये एक मोठा प्रांत कोणाच्याच वाट्याला येत नाही. सूचनापत्रक, तक्ता, अहवाल, बातमी, औषधाचे वेष्टन, निरीक्षणाची नोंद. मोठेपणी माणूस जे वाचतो त्यातले बहुतेक याच प्रकारचे असते. ते कसे वाचायचे, हे शिकवणे भाषेच्या सरांना विज्ञानाचे काम वाटते आणि विज्ञानाच्या बाईंना भाषेचे.

बालभारतीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांवर मात्र सरसकट ठपका ठेवता येणार नाही. 'करून पहा', 'निरीक्षण करा', 'शोध घ्या', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी त्यांत जागोजागी आहेत. त्या चौकटीपाशी वर्ग थांबतो का, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी चौकट वाचून दाखवली जाते आणि तास पुढे सरकतो.

असा तास प्रत्यक्षात कसा दिसेल?

पुराच्या बातमीचेच घेऊ. पावसाच्या दिवशी शाळेच्या गच्चीवरून येणाऱ्या पाइपखाली २० लिटरची बादली ठेवायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. समजा १० सेकंद लागले, तर पाइपातून सेकंदाला दोन लिटर पाणी येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. म्हणजे असे १४ पाइप एकदम वाहिले की एक क्युसेक होतो. बातमीत पाच हजार क्युसेकचा विसर्ग असेल, तर शाळेच्या गच्चीवरचे सुमारे ७० हजार पाइप डोळ्यांसमोर आणायचे. हा हिशेब ज्या मुलाने स्वतः केला, त्याला क्युसेक म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागणार नाही.

यानंतर बातमी वाचायची. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण हाताने काही केल्यावर वाचणाऱ्या मुलाजवळ प्रश्न तयार असतात. धरणातून सोडलेला आकडा आणि होळकर पुलाखालचा आकडा वेगळा का? मधले पाणी आले कुठून? धरणाच्या खाली पडलेला पाऊस, शहरातले नाले, हे उत्तर मुले नकाशा पाहून स्वतः काढू शकतात. मारुतीच्या कमरेचे पाणी पातळी सांगते आणि क्युसेक वाहणारे पाणी सांगतो, मग बातमीत दोन्ही का लागतात? नदीचे पात्र मोकळे असते तेव्हा आणि त्यात पाणवेली, गाळ, भराव असतो तेव्हा, तेवढ्याच विसर्गाला पातळी सारखीच राहील का? शहरात यावर दरवर्षी वाद होतो आणि पाठ्यपुस्तकात याचे तयार उत्तर नाही.

शेवटी लिहायचे. 'पूर' या विषयावर निबंध नव्हे. घरातल्या आजीला क्युसेक समजेल अशा दहा ओळी लिहायच्या. त्यात आपण काय मोजले, काय वाचले आणि काय अजून कळले नाही, या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड जाते, कारण 'मला कळले नाही' असे वहीत लिहायची सवय शाळेने कधी लावलेलीच नसते. दोन तासांचे काम आहे. लागणारे साहित्य म्हणजे एक बादली, एक घड्याळ आणि एक वर्तमानपत्र.

याने खरेच फरक पडतो का?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने विज्ञान आणि वाचन-लेखन एकत्र गुंफणारा अभ्यासक्रम तयार केला. त्याची चाचणी चौथीच्या ९४ शिक्षकांच्या वर्गांत झाली आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. विषय होता प्रकाश. निम्म्या वर्गांनी एकत्रित पद्धत वापरली, उरलेल्यांनी तेच विज्ञान नेहमीच्या पद्धतीने शिकवले. एकत्रित पद्धतीची मुले विज्ञानाचे आकलन, शब्दसंपत्ती आणि विज्ञानलेखन या तिन्हींत पुढे गेली. वाचनात मात्र दोन्ही गटांची प्रगती सारखीच झाली. हा शेवटचा भाग उपक्रमाचे समर्थक अनेकदा सांगत नाहीत, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवला. वाचन आपोआप सुधारेल असे आश्वासन कोणी देऊ नये. वाचनाचे काहीही बुडाले नाही आणि विज्ञान व लेखन दोन्ही वाढले, एवढेच म्हणता येते, आणि ते काही कमी नाही.

ते शिक्षक प्रशिक्षित होते, त्यांना तयार साहित्य मिळाले होते, आपल्याकडे तसे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण माहितीपर वाचनाची उपेक्षा हे केवळ आपलेच दुखणे नाही. नेल ड्यूक या संशोधिकेने अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा माहितीपर मजकुरासाठी दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे दिली जात असल्याचे दिसले. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण वेगळी आहे का?

वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. विज्ञानाची मराठी परिभाषा संस्कृत वळणाची आहे. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द अवघड दिसतो, म्हणून शिक्षक त्यावर थांबतात तरी. खरा घात सोप्या दिसणाऱ्या शब्दांनी होतो. 'कार्य' म्हणजे घरचे लग्नकार्य, 'बल' म्हणजे ताकद, 'दाब' म्हणजे दडपण. शेजारच्या भिंतीला तासभर जोर लावला तरी भिंत हलली नाही, तर भौतिकशास्त्राच्या भाषेत कार्य शून्य. घाम गाळलेल्या मुलाला हे पटणार कसे? पटवण्यासाठी त्या शब्दाचा घरचा अर्थ आणि पुस्तकातला अर्थ शेजारी शेजारी लिहून घ्यावा लागतो.

उलट दिशेनेही तसेच. निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षबागायतदाराच्या मुलाला 'भुरी' आणि 'डाऊनी' पक्के माहीत असतात. ढगाळ हवा आली की घरात चिंता कशाची सुरू होते, हे त्याने पाहिलेले असते. पुस्तकातल्या 'कवक' या शब्दाशी त्या भुरीचे नाते आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा बोलणाऱ्या मुलाजवळ झाडांची, किड्यांची, पावसाची कितीतरी नावे असतात आणि शाळेत त्यातले एकही चालत नाही. वहीचे पान तीन रकान्यांत आखावे : घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, मी काय पाहिले. ज्या मुलाला मराठीच दुसरी भाषा आहे, त्याच्यासाठी पहिल्या रकान्याचे मोल फार आहे. त्या रकान्यात वर्गातल्या पहिल्या नंबरपेक्षाही त्याला जास्त लिहिता येते.

न शिकवल्याने बिघडते काय?

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीची मुख्य वाचनचाचणी म्हणजे दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. पण २०१७ मध्ये १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली तेव्हा मुलांपुढे ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना ठेवल्या गेल्या. किमान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनाच चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरे देता आली. २०२३ च्या तशाच पाहणीत हे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत गेले. सुधारणा आहेच. तरीही वाचता येणाऱ्या दर तीन मुलांमागे एकाला, जुलाब झालेल्या भावंडाला पाकीट किती पाण्यात घालून द्यायचे हे वाचून नीट सांगता येईलच असे नाही. पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. पाणी कमी घेतले तर मिठाचे प्रमाण घातक होते, जास्त घेतले तर उपयोग होत नाही. द्रावण, संहती, प्रमाण हे सगळे धडे या एका पाकिटात आहेत.

यावरचा उपक्रम मुलांना हमखास आवडतो. एका गटाने मीठ-साखर-पाण्याची कृती लिहायची, दुसऱ्या गटाने ती शब्दशः पाळायची. 'एक पेला पाणी' लिहिले की गोंधळ सुरू, कारण कोणता पेला? 'चमचाभर साखर' म्हणजे शिगोशिग की सपाट? एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि चमचाही चहाचाच, इतके नेमके लिहिण्याची गरज मुलांना स्वतःच कळते. भाषेत नेमकेपणा का हवा, हे सांगायला याहून चांगला धडा मिळणे कठीण.

नाशिक जिल्ह्यात याहून थेट उदाहरण कीटकनाशकाच्या बाटलीचे आहे. बाटलीवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी आणि हिरवा सर्वांत कमी. सोबतच्या घडीपत्रिकेत मात्रा, विषबाधेची लक्षणे, उतारा आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्याच्या सात वर्षे आधी, २०१० मध्ये, क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि त्याची झळ नाशिकच्या बागायतदारांना बसली. या दोन्ही घटनांना अनेक कारणे होती, केवळ न वाचलेली पत्रिका नव्हे. पण जिथे घराघरांत फवारणीचा पंप आहे, तिथल्या आठवीच्या वर्गात ती पत्रिका एकदाही वाचली जात नसेल, तर आपण कोणते विज्ञान शिकवतो आहोत? (अर्थात वर्गात पत्रिकेची झेरॉक्स आणावी. बाटली नव्हे, रिकामीही नको.)

वहीचे काय करायचे?

इथे सरकारी प्रयोगाची एक गोष्ट आठवते. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले आणि त्यांत 'माझी नोंद' या नावाने वहीची कोरी पाने घातली गेली. दप्तराचे ओझे कमी करणे हा हेतू होता. मुले पुस्तकाबरोबर वह्याही आणतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये ही पाने बंद करण्याचा निर्णय झाला. चर्चा झाली ती कागदाचा खर्च आणि दप्तराचे वजन यांची. त्या पानांवर मुलांनी काय लिहिले, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. नाव तर फार चांगले होते. पण नोंद कशी करतात, हे कधी शिकवलेच नाही, तर कोऱ्या पानावर शब्दार्थ आणि फळ्यावरची वाक्येच उतरणार.

नोंद म्हणजे काय, याचे उदाहरण त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाचेच देता येते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीची छोटी फिल्म केली. महिन्याहून अधिक काळ त्यांनी रोज त्या रोपाचे एकेक चित्र टिपले आणि भांडवल देणाऱ्याला पटवायला ती दाखवली. बी पेरून रोज निरीक्षण करा, हा प्रकल्प आजही प्रत्येक शाळेत असतो. फक्त आज अनेकदा तो शेवटच्या रात्री एका बैठकीत 'पूर्ण' होतो आणि सगळ्या दिवसांची उंची एकाच शाईने लिहिलेली असते. फाळक्यांना एक दिवस चुकवून चालले नसते, पडद्यावर रोप उडी मारताना दिसले असते.

मुलाने रोज का लिहावे, याचे उत्तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने दिले होते. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसता येई. स्वतः केलेली नोंद परीक्षेत कामाला येते म्हटल्यावर ती नीट ठेवावीशी वाटते. आपल्याकडे मुलाची वही तपासणीच्या लाल सहीसाठी असते आणि वर्षअखेरीला रद्दीत जाते.

शिक्षकांवर आणखी एक ओझे?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. शिक्षकांच्या मागे ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आहेत. राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या असतात. जे मोजले जाते तिकडे वेळ जातो, हे कोणत्याही कार्यालयात होते तसे शाळेतही होते. त्यामुळे 'नवा उपक्रम राबवा, फोटो अपलोड करा' असे आणखी एक पत्रक निघणार असेल तर ते न निघालेले बरे.

पण यासाठी नवा विषय, नवा तास किंवा नवे गुण लागत नाहीत. प्राथमिकला एकच शिक्षक सगळे शिकवतो, तिथे परिसर अभ्यास आणि मराठीचे दोन तास जोडून घेणे त्याच्या हातात आहे. माध्यमिकला मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी महिन्यातून एक पाठ मिळून घेतला तरी पुरे. गुणांची सोय तर २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आहेच. प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची साधने कागदावर तयार आहेत. सध्या त्यातल्या प्रकल्पाचे गुण स्टेशनरीच्या दुकानातल्या छापील चित्रांना आणि इंटरनेटवरून काढलेल्या प्रिंटला मिळतात. तेच गुण मुलाच्या हातच्या, खाडाखोड असलेल्या चार पानांना द्यावेत. शुद्धलेखनाचे लाल गोळे पहिल्या वाचनात मारू नयेत, आधी मुलाने काय पाहिले ते वाचावे. हे शेवटचे पालकांनाही सांगावे लागेल, कारण वही 'स्वच्छ' नाही म्हणून सर्वांत आधी तक्रार त्यांचीच येते.

ज्यांना अजून वाचताच येत नाही त्यांचे काय, असेही विचारले जाते. त्यांच्यासाठी शिक्षकाने वाचून दाखवावे, मुलाने चित्र काढून त्याला नावे द्यावीत. गांडुळाच्या चित्राला सहा नावे जोडणे हेही माहितीपर लेखनच आहे.

वाचायला द्यायचे काय?

साहित्य नाही, ही सबब आता टिकत नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोफत ऑनलाइन वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीविव्हर'वर विज्ञानाची मराठी पुस्तके फुकट आहेत. पुण्याहून निघणारे 'शैक्षणिक संदर्भ' शिक्षकांच्या उपयोगाचे आहे. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून केलेल्या खेळण्यांची कृती तर कोणत्याही मोबाइलवर दिसते. नाशिकमध्ये १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या आहेत. त्या पेट्यांत कथा-कादंबऱ्यांबरोबर मुलांसाठी पाच माहितीपर पुस्तकेही असावीत, अशी मागणी शाळांनी करायला हरकत नाही.

याच नाशिकमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना येता आले नाही. मे २०२५ मध्ये ते गेले. शाळकरी मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करत, तेव्हा ते त्यांना एक सांगत : पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. प्रश्न नेमका असल्याशिवाय पोस्टकार्डावर मावत नाही. आता त्या पत्त्यावरून उत्तर येणार नाही, पण प्रश्न पाटबंधारे खात्याला, कृषी विज्ञान केंद्राला, महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाठवता येतील. होळकर पुलाखालचा आकडा कोण मोजतो आणि कसा, हा पहिला प्रश्न असू शकतो. साधे पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळते.